पांढरी पाचमधली वीज

तिकीट आठ पौंडांचं, आणि कानात घालायचे बोळे फुकट.

शेफील्डमधल्या त्या पबात वरच्या मजल्यावर जायच्या जिन्याशी एक मुलगी टेबल मांडून बसली होती. तिने आमच्या मनगटांवर शिक्के मारले आणि एका वाडग्यातून पिवळ्या स्पंजच्या बोळ्यांची एकेक जोडी काढून आमच्या हातावर ठेवली. मी ती उलटीपालटी करून पाहिली. ओळखीची होती. भोसरीच्या ज्या फोर्ज शॉपमध्ये माझी सगळी नोकरी झाली तिथेही असेच बोळे मिळायचे, आणि ते कानाऐवजी खिशात ठेवल्याबद्दल मेमोही मिळायचे. पण तिथे निदान आवाज ऐकायचा पगार होता. इथे आवाज पदरचे पैसे मोजून विकत घ्यायचा आणि तो फार ऐकू येऊ नये याची तजवीज विकणाऱ्यानेच करून द्यायची, हा व्यवहार मला नवा होता.

जावयाने लगेच कायदा सांगितला. २००५ साली इथे कामाच्या जागच्या गोंगाटाचे नियम आले आणि २००८ पासून ते गाण्याबजावण्याच्या जागांनाही लागू झाले; पंचाऐंशी डेसिबलच्या वर गेलात तर नोकरांच्या कानांना संरक्षण द्यायलाच हवं. नोकरांच्या, म्हणजे बारमागे उभ्या असलेल्या पोराच्या. श्रोता स्वखुशीने आलेला, त्याचं त्याने बघावं. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना नव्वद डेसिबल चालतात. वरचे पाच डेसिबल आपण मराठी माणसाच्या सोशिकपणाच्या खात्यावर टाकले असावेत.

आम्ही उभयता त्या जिन्यापर्यंत पोचलो ते एका वाफेच्या इंजिनामुळे. शेफील्डच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात ‘रिव्हर डॉन’ नावाचं एक इंजिन आहे. १९०५ सालचं, बारा हजार अश्वशक्तीचं, लढाऊ जहाजांचे चिलखती पत्रे लाटणारं. ते तिथे वाफेवर चालवून दाखवतात. एवढं मोठं धूड क्षणात उलट्या दिशेने फिरतं, आणि जमीन तुमच्या पोटात बोलते. मी ते पाहिलं आणि पुढचा प्रयोग होईपर्यंत तिथून हललो नाही. जावयाने ते पाहून ठेवलं आणि ‘बाबांना मोठे आवाज आवडतात’ असा निष्कर्ष काढला. त्याच्या ऑफिसातला एक सहकारी एका पबात ‘प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत’ सादर करणार होता. मुलगी नातवाला घेऊन घरी थांबणार होती. जावई म्हणाला, ‘‘बाबा, येता का? आईंना कितपत आवडेल ते मात्र सांगता येत नाही.’’

‘‘मला प्रायोगिकचं काही नाही,’’ ही म्हणाली. ‘‘प्रायोगिक म्हणजे खुर्च्या कडक आणि मध्यंतर नाही. पुण्यात जन्म गेलाय माझा.’’ आणि तिने शाल घेतली.

इथे आमच्या घरातली श्रमविभागणी सांगायला हवी. मला संगीतातलं काही कळत नाही. बेअरिंग गेलेलं मात्र मी दोन शेड पलीकडून ओळखतो. हिला यंत्रातलं काही कळत नाही. पण सवाई गंधर्व महोत्सवात गायकाने षड्ज लावला की तो लागलाय का लावलाय हे ती डोळे मिटून सांगते. त्यामुळे आजवर आम्ही एकत्र गेलो अशा प्रत्येक ठिकाणी एकाला सगळं कळायचं आणि दुसरा घड्याळ बघायचा. ही पहिली संध्याकाळ, जिच्यात दोघांनाही निम्मं-निम्मं कळलं.

खाली पब भरलेला होता. तिथे त्या रात्री प्रश्नमंजूषा होती. टेबलाटेबलांवर संघ करून, पेन्सिली सरसावून लोक बसले होते. वरच्या खोलीत फुलाफुलांचा गालिचा, डार्टच्या फळीवर टाकलेलं काळं कापड, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांची चळत आणि पंचवीसेक माणसं. विजेवरचं आधुनिक संगीत म्हटल्यावर मी रंगवलेल्या केसांची तरुण पोरं गृहीत धरली होती. प्रत्यक्षात जमाव चाळीस ते साठच्या मधल्या पुरुषांचा निघाला. काळे टीशर्ट, पांढरी होऊ घातलेली दाढी, खोलीतही डोक्यावर लोकरीची टोपी. स्त्रिया मोजक्या, त्यांतली एक कार्यक्रम करणार होती आणि एक शिक्के मारत होती. हळूहळू कळलं की खोलीतल्या निम्म्याहून अधिक मंडळींकडे घरी अशीच यंत्रं आहेत. आज जो तिकिटं फाडतो तो पुढच्या महिन्यात मंचावर असतो आणि आजचा कलाकार तेव्हा दाराशी बसतो. थोडक्यात ही भिशी आहे. आठ-आठ पौंड खोलीतल्या खोलीत फिरत राहतात, आणि ज्याची पाळी असेल त्याला त्या महिन्यात ते सगळे आणि टाळ्या मिळतात. आमच्यासारखी बाहेरची तीन माणसं आली की चोवीस पौंडांची निव्वळ आवक होते. आमचं स्वागत इतकं मनापासून का झालं ते यावरून कळावं.

जावई ‘‘जरा आलोच’’ म्हणून खाली गेला. आमच्यासाठी लिंबाचं सरबत घातलेला सोडा आणि स्वतःसाठी काहीतरी सोनेरी घेऊन आला. ‘‘सफरचंदाचं आहे,’’ असं त्याने न विचारताच सांगितलं. आम्हीही पुढे विचारलं नाही. होतं ते सफरचंदाचंच; फक्त किती दिवसांपूर्वीच्या सफरचंदाचं, एवढाच प्रश्न होता.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून एक गुणगुण येत होती. जाडजूड, एकसुरी. एक मुलगा वायरी चाचपत गुडघ्यांवर रांगत होता. मला राहवेना. मी जाऊन त्याला म्हटलं, बाबा रे, हा अर्थ लूप आहे. तुझा मिक्सर या भिंतीतून वीज घेतोय, अ‍ॅम्प्लिफायर त्या भिंतीतून. दोन ठिकाणच्या अर्थिंगचं मिळून एक कडं झालंय आणि त्यातून ही पन्नास सायकलची वीज स्वतःच गातेय. दोन्ही एकाच बोर्डाला लाव. आणि काही झालं तरी अर्थची वायर कापू नकोस. ते करणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांतल्या एकाचा फोटो हार घालून टाइम ऑफिसात लावलेला असे. मुलाने कृतज्ञतेने बोर्ड हलवायला घेतला, एवढ्यात कोपऱ्यातून एक टोपीवाला उठून आला आणि अजिजीने म्हणाला, काढू नका ना प्लीज. शेवटचा कार्यक्रम माझा आहे. मला ती हवी आहे.

मेंटेनन्समध्ये इतकी वर्षं काढली, पण बिघाड दुरुस्त करू नका म्हणून विनवणी करणारा माणूस मी प्रथमच पाहिला. (म्हणजे अगदी प्रथमच नाही. पण ते युनियनचे होते.)

मी जागेवर आलो तेव्हा हिने पर्समधून मोबाइल काढून तानपुऱ्याचं अ‍ॅप उघडलं होतं आणि कानाशी धरून पट्ट्या बदलत होती.

‘‘पांढरी पाच,’’ ती म्हणाली. ‘‘किंचित चढी.’’

मी गणित मांडून पाहिलं. पांढरी पाच सर्वांत खालच्या सप्तकात घ्या. तिची सेकंदाला एकोणपन्नास कंपनं होतात. वीज पन्नासची. बाई एका कंपनाने बरोबर होती. म्हणजे इंग्लंडची सगळी वीज पांढरी पाचमध्ये गाते, आणि आपलीही, आपल्याकडेही पन्नासच. इथली माणसं तर या बाबतीत फारच एकजुटीची. दूरदर्शनवरची लोकप्रिय मालिका किंवा फुटबॉलचा सामना संपला की लाखो घरांत एकाच मिनिटाला चहाच्या किटल्या लागतात, अशी इथली जुनी ख्याती आहे. तो भार अंगावर आला की विजेचा वेग किंचित पडतो, आणि तो सावरायला वेल्समधल्या डिनॉर्विगच्या डोंगरात जनित्रं सज्ज ठेवलेली असतात. हिच्या भाषेत सांगायचं तर, चहाच्या वेळी अख्ख्या ब्रिटनचा षड्ज उतरतो आणि वेल्समधून कोणीतरी खुंटी पिळतं.

आपल्याकडची गोष्ट याहून मोठी आहे. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एकतालात आलं. त्याआधी दक्षिण भारताची वीज आपल्या सुरात गायची आणि बाकीची आपल्या. हिंदुस्थानी आणि कर्नाटक पद्धतींच्या ऐक्यासाठी आजवर किती परिसंवाद झाले असतील. दोघांना एका पट्टीवर शेवटी आणलं ते सोलापूरने, आणि त्याचा सत्कार तर सोडाच, कोणी नारळही दिला नाही.

पहिला कलाकार आला तो बॅग घेऊन. बॅग उघडली तर आत बटणं, दिवे आणि रंगीबेरंगी वायरींचा गुंता. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. प्रत्येक डबी वेगळी: एक नुसता सूर काढते, दुसरी तो चाळते, तिसरी त्याला लांबी-रुंदी देते. कोणती कोणाशी जोडायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. गंमत म्हणजे डब्या शंभर कंपन्यांच्या, पण सगळ्यांची उंची एकच, १२८.५ मिलिमीटर. नव्वदच्या दशकात डीटर डोप्फर नावाच्या जर्मन गृहस्थांनी हे माप घेतलं आणि जगाने ते पाळलं. इतक्या विक्षिप्त कलेच्या मुळाशी इतकं कडक प्रमाणीकरण असेल असं वाटलं नव्हतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. वायरिंग मात्र असं, की आमच्याकडे पॅनेलमध्ये ते सापडलं असतं तर इलेक्ट्रिशियनला संध्याकाळी गेटवरूनच निरोप मिळाला असता.

गृहस्थ वाकून एक वायर काढी, दुसरीकडे खोची, कान देई, मान हलवी, पुन्हा काढी. टिक्-टिक्, बुळूक्, मग लांबलचक शीळ. दहा-बारा मिनिटांनी शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. हिने हात शालीतून बाहेर काढले नाहीत.

‘‘अगं, वाजव,’’ मी म्हटलं.

‘‘अजून लावतोय तो. लावणं चालू असताना टाळ्या वाजवायच्या नसतात. रविशंकरांचं काय झालं होतं?’’

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या त्या मैफलीत, रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं लावली आणि हजारो अमेरिकनांनी त्यावरच टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या पिढीने तो किस्सा पन्नास वर्षं चवीने सांगितला. त्यामुळे ही आता लावण्याला टाळी देणार नव्हती. राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न होता. जावयाने खालच्या आवाजात सांगितलं, ‘‘आई, तो लावत नव्हता. तेवढाच कार्यक्रम होता.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘मग लावायचं राहिलंच की.’’

मध्यंतरात मी त्या गृहस्थाला गाठून विचारलं, तो शिळेचा तुकडा पुन्हा ऐकता येईल का. तो खिन्नपणे हसला. वायरी काढल्या, म्हणाला, आता तो गेला. निघण्याआधी मोबाइलवर वायरींचे फोटो काढून ठेवतो. घरी त्याच वायरी, त्याच भोकांत, तशाच लावतो. तरीही तोच आवाज पुन्हा येत नाही. एखादं बटण केसभर इकडचं तिकडे झालेलं असतं, खोली थंड असते. मला आपली नाट्यसंगीताची परंपरा आठवली. बालगंधर्वांच्या एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे आणि नाटकं पहाटेपर्यंत चालायची. या वाद्याला वन्समोअर देताच येत नाही. कार्यक्रम दहाच्या आत आटोपण्याचा याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही.

दुसरी आली एक पंचविशीतली मुलगी. तिने स्टँडवर एक स्टीलचा पत्रा टांगला, त्याला नाण्याएवढा कॉन्टॅक्ट माइक चिकटवला आणि व्हायोलिनची कमान काढून पत्र्याच्या कडेवर ओढली.

आता मी पुढे सरसावून बसलो. हा माझा विषय. आधी पत्रा कुरकुरला, मग त्याच्या पोटातून असा काही आवाज निघाला, की मी हॅमर शॉपच्या दाराशी असल्यागत डोळे मिटले. बंद पडायला आलेल्या कन्व्हेयरचं कण्हणं त्यात होतं, ट्रिमिंग प्रेसची कचकच होती. मध्येच तिने पत्र्यावर स्प्रिंग सोडली, आणि आमच्या तिसऱ्या शिफ्टला एकदा डायची कॉटर निसटली होती तेव्हा निघाला होता अगदी तसा टणत्कार झाला. ‘‘वा!’’ माझ्या तोंडून निघून गेलं. पंचवीस माना वळल्या. इथे दाद द्यायची पद्धत नाही. इथला जाणकार डोळे मिटतो, भुवया आवळतो आणि फार झालं तर हनुवटी एक इंच खाली नेतो. पण थोडं निरखून पाहिलं तर हा गृहस्थ ओळखीचाच आहे. सवाईला भारतीय बैठकीत तिसऱ्या रांगेत बसतो, मांडीवर बोटांनी मात्रा मोजतो आणि शेजाऱ्याने चुकीच्या जागी ‘क्या बात है’ म्हटलं की त्याच्याकडे न बघता उसासा सोडतो, तो हाच. फक्त तिकडे त्याच्याकडे थर्मास असतो आणि इकडे पाइंट.

नंतर मी त्या मुलीकडे जाऊन पत्र्यावर टिचकी मारून पाहिली. पत्रा तिला कुठल्याशा कारखान्याबाहेरच्या भंगारात मिळाला होता. स्टेनलेस असावा, एवढंच तिला माहीत होतं. मी फ्रिजवर लावायचं चुंबक आणायला सांगितलं. ते बारवर एका जाहिरातीला चिकटलेलं मिळालं. पत्र्याला ते टपकन लागलं. तेव्हा ३०४ ग्रेड नाही, हे मी तिला सांगितलं. ३०४ ला चुंबक जवळपास लागतच नाही. हा साध्या क्रोमियमचा, हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली याच शेफील्डात ओतलेल्या पहिल्या स्टेनलेसच्या गोत्रातला. मुलीचे डोळे विस्फारले. १९१३? त्याच वर्षी लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने गोंगाट हेच पुढचं संगीत असा जाहीरनामा लिहिला आणि मग कण्हणारी, गुरगुरणारी खोकी बांधून कार्यक्रम केले, असं तिने मला सांगितलं. गोंगाट आणि न गंजणारा पत्रा एकाच वर्षीचे. दोघेही अजून टिकून आहेत.

मग तिने मला गावाची कुंडली ऐकवली. डॉन नदीच्या खोऱ्यात रात्रभर ड्रॉप हॅमर चालायचे आणि त्यांचे ठोके अंथरुणात पडल्यापडल्या ऐकू यायचे, असं इथले जुने वादक सांगत आलेत. १९७३ मध्ये तीन पोरांनी एका माळ्यावर टेपरेकॉर्डर आणि हाताला लागतील ती यंत्रं घेऊन ‘कॅबरे व्हॉल्टेअर’ नावाचा गट काढला. चाल नाही, तान नाही, खडखडाट आणि भुणभुण. त्यांतले ख्रिस वॉटसन पेशाने टेलिफोन इंजिनिअर. पुढे ते गट सोडून पक्ष्याप्राण्यांचे आवाज टिपायला लागले आणि डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या मालिकांसाठी रानोमाळ माइक घेऊन हिंडले. मला हा माणूस फार आवडला. वायरमनचं कुतूहल कुठवर जाऊ शकतं! आमच्याकडेही एक असाच होता, पण त्याला मालिका मिळाली नाही. भोंगा दुरुस्त करायला शेडवर चढायचा आणि तासभर उतरायचा नाही, म्हणून बदली मिळाली.

तिसरा आमच्या जावयाचा सहकारी. त्याने काय केलं ते मी थोडक्यात सांगतो, कारण मला दिसलं तेवढंच: तो लॅपटॉपसमोर बसला, त्याचा स्क्रीन मागच्या भिंतीवर मोठा करून दाखवला गेला आणि तो प्रोग्राम लिहू लागला. ओळ लिहिली की ढोल वाजे, आकडा बदलला की ढोल दुप्पट. या पंथाचा नियमच आहे की स्क्रीन लपवायचा नाही, हात चालतोय तो सगळ्यांना दिसू द्यायचा. लोक उठून नाचायला लागले. भिंतीवरच्या कंसांकडे बघत चाळीस-पन्नाशीचे पुरुष नाचताहेत, हे दृश्य मी हिला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘गणपतीतही काय बघत असतात कोण जाणे.’’ जावई मात्र नाचेना. तो तळहात मांडीवर घासत पुटपुटत होता, ‘‘कंस बंद नाही केला. चौथी ओळ. कंस बंद कर ना रे.’’ आणि ढोल थांबला. भिंतीवर लाल अक्षरं उमटली. पूर्ण शांतता. त्या शांततेला रात्रीतल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रोग्राम पडला की इथे आरोळी ठोकायची असते.

‘‘माझा पडतो तेव्हा रात्री दोनला फोन येतो,’’ जावई म्हणाला, आणि ते सफरचंदाचं एका घोटात संपवून पुन्हा खाली गेला.

शेवटी तो टोपीवाला आला. त्याने मुलाला खूण करून मघाची गुणगुण पुन्हा सोडायला लावली, समोर दोन डबे ठेवले आणि त्या गुणगुणीवर दुसरा एक सूर अल्लाद ठेवला. मग बसून राहिला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. पण सूर जवळ आले की त्यांच्यात एक लाट उठत होती, ती हळू होत होती, आणि दोन्ही मिसळले की खोलीभर एकच एक काहीतरी उभं राहत होतं. मी हिच्याकडे पाहिलं. तिने चष्मा काढून ठेवला होता. ही चष्मा फक्त झोपताना आणि मारव्याला काढते.

‘‘पंचम लावला त्याने,’’ ती कुजबुजली. ‘‘चांगला लावलाय हो.’’

गोची एवढीच, की हा सगळा प्रकार अगदी हळू आवाजात होता आणि आमच्या पायांखाली प्रश्नमंजूषा ऐन भरात आली होती. फरशीतून सूत्रसंचालकाचा खणखणीत आवाज वर आला: दक्षिण अमेरिकेतल्या कोणत्या दोन देशांना समुद्रकिनारा नाही? वरच्या जाणकारांची पापणीही हलली नाही. सूर चालू राहिला. मग एका दाढीतून, डोळे तसेच मिटलेले, शब्द निसटला: ‘‘बोलिव्हिया.’’ बराच वेळ गेला. सूर वरच्या सप्तकात गेला, परत आला. पलीकडच्या कोपऱ्यातून, समाधी न मोडता, उत्तर आलं: ‘‘पॅराग्वे.’’ खोलीभर समाधानाचा एक हुंकार फिरला. रात्रीतली एकमेव सम म्हणायची तर ती हीच.

ते संपलं कधी, हे कोणालाच कळलं नाही. आपल्याकडे तिहाई असते, भैरवी असते, आयोजकांचं आभारप्रदर्शन असतं. इथे एकच खूण: कलाकार ग्लास उचलतो. त्याने उचलला, टाळ्या वाजवायला हात वर झाले. त्याने घोट घेऊन ग्लास ठेवला आणि पुन्हा बटणाला हात घातला. हात खाली गेले. असं तीनदा झालं. शेवटी त्याने टोपी काढली तेव्हा पहिली टाळी हिची होती. लावून झालं होतं.

तो आमच्यापाशी आला. पुण्याचे म्हटल्यावर त्याने विचारलं, पंडित प्राणनाथांना ऐकलंय का, आणि नाव घेताना दोन्ही हातांनी कानांच्या पाळ्यांना स्पर्श केला. ही उठून उभी राहिली. प्राणनाथ म्हणजे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, किराणा घराणं. ज्या घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज आपलं केलं, सवाई गंधर्व घडवले, आणि सवाईंनी भीमसेन जोशी. ते कान पकडणं शेफील्डच्या पबात कसं आलं? तर ला माँट यंग नावाचे अमेरिकन संगीतकार १९७० साली प्राणनाथांचे शिष्य झाले. लहानपणी आयडाहोत वाऱ्याचा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव ऐकत हे यंग वाढले. पुढे त्यांनी आपलं संगीत तिकडच्या साठ सायकलच्या विजेलाच जुळवून घेतलं आणि एका रचनेला ट्रान्सफॉर्मरचं नाव दिलं. टोपीवाला त्यांना मानणारा. इंग्लंडात राहतो म्हणून पन्नासला जुळवतो, इतकंच.

‘‘साठ म्हणजे कोणती पट्टी हो?’’ हिने मला विचारलं. मी हिशेब केला. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध. अमेरिकेच्या विजेला हार्मोनियमवर जागाच नाही. १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिणारे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हयात असते तर त्यांनी तिला बरोबर कुठेतरी बसवली असती.

‘‘मग तानपुरा का नाही घेत तुम्ही?’’ हिने टोपीवाल्याला विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की तानपुरा लावायला फार वेळ लागतो. वीज लावलेलीच मिळते. हे उत्तर तिला पटलं नाही, पण आवडलं.

दाराशी कॅसेट विकायला ठेवल्या होत्या. होय, कॅसेट. मूठभरच काढलेल्या, हाताने क्रमांक घातलेल्या, पाच पौंडांना एक. मी विचारलं, वाजवता कशावर? त्या पंचवीस जणांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांकडे प्लेअर होता. बाकीचे त्या फळीवर मांडून ठेवतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी टू-इन-वन अजून चालू स्थितीत आहे हे ऐकून माझ्याभोवती घोळका जमला. पत्रेवाल्या मुलीने तर मी फोर्ज शॉपचा आहे हे कळल्यावर मला सोडलंच नाही. शेफील्डचे हॅमर आता बरेचसे गेले. माझ्याकडे चालू हॅमरचं ध्वनिमुद्रण आहे का? माझ्याकडे नव्हतं, तो आवाज घरी न्यावा असं कोणाला वाटेल, ही कल्पनाच कधी कोणाला शिवली नव्हती. पण आमच्या शॉपमध्ये अजून नोकरीत असलेल्या एकाला मी तिथूनच व्हॉट्सअ‍ॅप केलं: हॅमर चालू असताना अर्धा मिनिट रेकॉर्ड करून पाठव.

भारतात तेव्हा पहाट व्हायची होती. तिसरी शिफ्ट चालू होती. उलट निरोप आला: कशाला पाहिजे? चौकशी लागली का?

मी लिहिलं, इंग्लंडात गाण्याच्या कार्यक्रमात वाजवायचंय. यावर बराच वेळ काही आलं नाही. मग ध्वनिफीत आली. सात ठोके, प्रत्येक ठोक्यामागे पत्र्याच्या शेडचा थरथराट, आणि पाचव्या-सहाव्याच्या मध्ये कोणीतरी गळा फोडून ओरडतोय, ‘‘ए, चहा आला रे!’’ मुलीने ती तिथेच स्पीकरला जोडली. टोप्या थबकल्या. पहिल्या ठोक्याला खालची प्रश्नमंजूषा बंद पडली. संपल्यावर मुलीने घाईघाईने सांगितलं, पुढच्या महिन्यात मी हेच घेऊन काम करते, पण ती मधली हाक काढायची नाही. तिला हात लावायचा नाही.

मी ते तिकडे कळवलं. लगेच उत्तर आलं: घाई नका करू साहेब, दुसरं पाठवतो. आत्ता सुपरवायझर समोर होता म्हणून हळू मारले. तो सहाला घरी जातो.